पहिला नंबर कुणाचा?



दहावीची गुणवत्ता यादी बोर्डानं बंद केली त्याला आता बरीच वर्षं झाली. ती चालू होती तेव्हा निकालाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आई-वडील पेढा भरवत असल्याचे फोटो यायचे, आणि पुढचा आठवडाभर क्लासवाल्यांच्या जाहिराती. यादी खोटी नसायची. मार्क खरेच असायचे. पण त्या यादीतून काय कळायचं? त्या वर्षी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं, त्या तीन तासांत, कुणी सगळ्यांत चांगली लिहिली एवढंच. जे विचारलंच नव्हतं ते यादीत कुठून येणार? शाळेत इतकी वर्षं काढल्यावर मला कुठलीही क्रमवारी दिसली की पहिला प्रश्न हाच सुचतो, की मोजलं काय आणि मोजायचं राहिलं काय.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे आमच्या घरातली भाचे-पुतणे मंडळी. दोघंही संगणकातले. "मामा, लिनक्स घ्यायचं तर यादीत जे पहिलं आहे तेच घ्या," असं एकाचं म्हणणं. दुसरा म्हणतो, "काका, यादीबिदी सोडा, लोकच वापरत नाहीत ते, कशाला त्या वाटेला जाता?" गंमत अशी की दोघांची मतं उलट, पण दोघांचा आधार एकच, लोकप्रियता. म्हटलं, जरा इतिहासात डोकावून पाहू.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी चार ओळी. संगणक सुरू केल्यावर जो कारभारी आधी उठून बसतो आणि बाकीच्यांना कामं वाटून देतो, ती ऑपरेटिंग सिस्टीम. विंडोज ही एका कंपनीच्या मालकीची. तिच्या पोटात काय आहे ते आपल्याला पाहता येत नाही. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं लिनक्सचा गाभा लिहिला आणि सगळ्यांना पाहायला, बदलायला खुला करून दिला. त्याच्या आधीपासून, १९८३ पासून, रिचर्ड स्टॉलमन यांनी अमेरिकेत ग्नू नावाचं काम असंच खुलं चालवलं होतं. दोन्ही एकत्र आली आणि त्यातून लोकांनी आपापल्या गरजेप्रमाणे वेगवेगळे संच बांधले. त्यांना डिस्ट्रिब्युशन किंवा नुसतं डिस्ट्रो म्हणतात. पीठ एकच, कुणी भाकरी केली, कुणी थालीपीठ. असे शेकडो संच आहेत.

शेकडो म्हटल्यावर क्रमवारी आलीच. ३१ मे २००१ रोजी डिस्ट्रोवॉच नावाचं संकेतस्थळ सुरू झालं. त्यावर प्रत्येक संचाचं एक माहितीचं पान असतं आणि ते पान रोज किती जणांनी उघडलं त्यावरून क्रमांक लागतो. नीट लक्षात घ्या, किती जणांनी तो संच वापरला हे नव्हे, तर त्याची माहिती किती जणांनी वाचली हे. स्वतः संकेतस्थळच सांगतं की हा आकडा वापराचा नाही आणि गुणवत्तेचाही नाही. पण आकड्याखालची टीप कोण वाचतो? वधूवरसूचक मंडळात ज्या मुलाची माहिती सगळ्यांत जास्त वेळा मागवली गेली त्याचा संसारही सगळ्यांत सुखाचा, असं म्हणण्यासारखं आहे हे.

आता या यादीत कोण नाही ते पाहा. केरळ सरकारनं शाळांमधून संगणक शिक्षण सुरू केलं आणि पुढे ते सगळं खुल्या प्रणालींवर नेलं. २०१९ साली बातमी होती की तिथल्या शाळांमधल्या दोन लाखांहून अधिक संगणकांवर त्यांनी स्वतः बांधलेला लिनक्सचा संच बसवला जातोय. दोन लाख संगणक, आणि त्यावर शिकणारी लाखो मुलं! यांतल्या किती मुलांनी डिस्ट्रोवॉचवर जाऊन त्याचं पान उघडलं असेल? शाळेत जे आहे ते वापरायचं. नवं काय आलं म्हणून रोज याद्या चाळणारा माणूस वेगळा. जो चाळतो तो मोजला जातो, जो शिकतो तो मोजला जात नाही.

बरं, याद्या तरी एक आहेत का? घरी-कचेरीत वापरायच्या संगणकांत लिनक्सचा वाटा ४ टक्क्यांवर गेला अशी नोंद स्टॅटकाउंटरनं फेब्रुवारी २०२४ मध्ये केली. म्हणजे वर्गात शंभर मुलं असतील तर चार. पण जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची यादी पाहिली तर नोव्हेंबर २०१७ पासून ५०० पैकी ५०० लिनक्सवर चालतात. पुण्याच्या सी-डॅकमधला परम सिद्धी हा महासंगणक नोव्हेंबर २०२० मध्ये त्या यादीत ६३ वा आला, तोही लिनक्सवरच. आणि आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सचाच. एकच विद्यार्थी एका परीक्षेत काठावर, दुसरीत पैकीच्या पैकी. तेव्हा "लोक वापरत नाहीत" म्हणणाऱ्या पुतण्याच्या खिशात ते दिवसभर चालू असतं, हे त्याला सांगून झालंय. :)

आता पहिल्या नंबरवाल्यांचं पुढे काय झालं ते पाहू.

डिस्ट्रोवॉचच्या सुरुवातीच्या वर्षांत मँड्रेक नावाचा फ्रेंच संच पहिला असायचा. नवशिक्यांना सोपा म्हणून त्याचं कौतुक होतं. पण पहिल्या नंबरवर असतानाच, जानेवारी २००३ मध्ये, त्याच्या कंपनीला दिवाळखोरीपासून संरक्षण मागावं लागलं. २००५ मध्ये ब्राझीलची एक कंपनी विकत घेऊन ती मँड्रिव्हा झाली आणि २०१५ साली बंद पडली.  मग २००५ साली उबुंटू पहिला आला. २००७ साली मूठभर माणसांनी चालवलेला पीसीलिनक्सओएस त्याच्याही पुढे गेला. २०११ मध्ये मिंट, २०१९ पासून काही वर्षं एमएक्स लिनक्स. यांतल्या किती जणांची नावं तुम्ही ऐकली होती?

पण मँड्रेकची गोष्ट इथे संपत नाही, आणि मला वाटतं खुल्या प्रणालीचं सगळं मर्म इथेच आहे. कंपनी डबघाईला आलेली पाहून २०१० साली तिथल्याच काही माजी नोकरांनी आणि वापरणाऱ्यांनी तोच सगळा मजकूर उचलला आणि माजिया नावानं वेगळं घर केलं. कुणाची परवानगी लागली नाही, कारण मजकूर खुला होता. दुकान बंद झालं, पण पाककृती लोकांच्या वहीत उतरवलेली होती.

याच्या उलट डेबियनचं पाहा. १६ ऑगस्ट १९९३ रोजी इयन मर्डॉक या अमेरिकी विद्यार्थ्यानं हा संच जाहीर केला. त्याच्यामागे कंपनी नाही, जगभरचे स्वयंसेवक ते चालवतात. यादीत तो पहिला आला म्हणून पेढे वाटल्याचं काही कुणी सांगत नाही. पण उबुंटू डेबियनमधून निघाला, मिंट उबुंटूमधून, एमएक्सही डेबियनमधून. आपल्या सी-डॅकनं २००७ साली काढलेला भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्युशन्स, म्हणजे बॉस लिनक्स, तोसुद्धा डेबियनवरच बेतलेला, आणि त्यात मराठीसह आपल्या भाषांची सोय. यादीत नातवंडांचे नंबर लागतात, आजी स्वयंपाकघरात.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, सर एकतर्फी बोलताहेत. तर दुसरी बाजूही सांगतो, कारण ती खरी आहे.

संख्येला महत्त्व आहेच. प्रिंटर, स्कॅनर बनवणारी कंपनी जिथे गिऱ्हाईक जास्त तिथली सोय आधी करते. अडचण आली तर शेजारी विचारायला माणूस लागतो, आणि तो जास्त वापरल्या जाणाऱ्या गोष्टीसाठीच सापडतो. आपल्याकडे २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झालं आणि एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगाव निघाले. त्यातून लाखो लोकांची संगणकाची भीती गेली, हे मोठं काम. पण शिकवलं ते मुख्यतः विंडोज आणि तिच्यावरचं ऑफिस, कारण कचेऱ्यांत तेच होतं. आणि कचेऱ्यांत तेच राहिलं, कारण येणारा प्रत्येक जण तेच शिकून येत होता. म्यूनिक शहराच्या पालिकेनं २००३ साली विंडोज सोडून लिनक्सवर जायचं ठरवलं. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर सुट्टी मोडून महापौरांना भेटायला गेले, तरी पालिका बधली नाही. २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक तिकडे नेले. पण आजूबाजूचं सगळं जग विंडोजवर, कागदपत्रांची देवाणघेवाण अडायची, तक्रारी वाढल्या, राज्यकर्ते बदलले, आणि २०१७ साली परत विंडोजकडे जायचं ठरलं. २०२० मध्ये नवी आघाडी आली आणि पुन्हा खुल्या सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यायचं म्हणाली! तेव्हा प्रवाहाविरुद्ध पोहायला दम लागतो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आणखी एक बारकावा, जो मला फार बोलका वाटला. डेबियनमध्ये 'लोकप्रियता स्पर्धा' नावाचीच एक सोय आहे. तुम्ही होकार दिलात तर तुमचा संगणक कोणते प्रोग्रॅम वापरतो ते दर आठवड्याला इंटरनेटवरून कळवतो. कशासाठी? तर डेबियनच्या सीड्यांचा गठ्ठाच्या गठ्ठा असे, आणि पहिल्या सीडीवर काय घालायचं ते या आकड्यांवरून ठरायचं. आता विचार करा. पहिल्या सीडीची गरज सर्वांत जास्त कुणाला? ज्याच्याकडे इंटरनेट नाही त्याला. आणि त्याचं मत मोजलं जाणार कशावरून? इंटरनेटवरून! यात कुणाचा वाईट हेतू नाही. पण मोजणीची रचनाच अशी की ज्याला गरज तोच मोजणीबाहेर.

असा मोजणीबाहेरचा एक वर्ग आपल्या महाराष्ट्रात होता. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यात खैराट नावाची धनगरवाडी आहे. तिथल्या एकशिक्षकी मराठी शाळेत २००७ साली 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचा भारतातला पहिला प्रयोग झाला. पहिली ते चौथीची वीसेक मुलं आणि हिरवे-पांढरे छोटे संगणक. त्यांवर फेडोरा लिनक्स आणि त्याच्यावर शुगर नावाचं मुलांसाठी केलेलं रूप. योजनेचे जनक निकोलस निग्रोपाँटे यांचं स्वप्न शंभर डॉलरच्या लॅपटॉपचं होतं. किंमत तेवढी उतरली नाही. आपल्या केंद्र सरकारनंही २००६ मध्येच नकार दिला होता. पुढे तो लॅपटॉप मागे पडला. लोकप्रियतेच्या हिशेबानं प्रयोग फसला म्हणायचं. पण शुगर खुलं होतं, म्हणून २००८ साली त्याच्यासाठी स्वयंसेवकांची वेगळी संस्था निघाली आणि लॅपटॉप गेल्यावरही ते काम चालू राहिलं. एकशिक्षकी शाळेच्या मास्तरांना यादीतला नंबर काय कामाचा? पडद्यावरचं अक्षर मुलांना वाचता येतंय का, हाच त्यांचा प्रश्न.

अक्षरावरून आठवलं. आपला 'ऱ्य' घ्या. 'वाऱ्यावर', 'दऱ्याखोऱ्या'. हा रफार नव्हे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरामधल्या, हे चौथीतलं पोरही जाणतं. पण हिंदीला या अर्ध्या र ची गरज पडत नाही, त्यामुळे नुसत्या संख्येवर काम ठरवणाऱ्याच्या नजरेतून तो सहज सुटतो. २०११ च्या जनगणनेत मराठी भाषक ८ कोटी ३० लाख, देशात तिसरा क्रमांक. पण तिसरा क्रमांक मिळाला म्हणून 'ऱ्य' आपोआप नीट उमटत नाही! त्यासाठी कुणीतरी बसून अक्षर घडवावं लागतं. २००४ मध्ये रेड हॅट कंपनीनं लोहित नावाचे भारतीय भाषांचे फाँट खुले करून दिले. लोहित म्हणजे तांबडा, लाल टोपीवाल्यांनी नाव बरोबर शोधलं! त्यांत मराठीचीही सोय झाली. आपला ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचा, हे ज्याला खुपतं त्याला खुल्या फाँटमध्ये बदल करता येतो. बंद फाँटमध्ये फक्त अर्ज करता येतो.

बंद फाँटचा फटका काय असतो ते मी घरात पाहतोय. वसईच्या इतिहासावरची माझी टिपणं नव्वदच्या दशकात एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतली होती. त्या काळी सगळे जो फाँट वापरत तोच त्यानंही वापरला. युनिकोड तेव्हा आपल्यापर्यंत पोचलं नव्हतं आणि प्रत्येक फाँटवाल्याची सांकेतिक मांडणी निराळी. आज ती फाइल उघडली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाँट त्या वेळी अत्यंत लोकप्रिय होता. म्हणून काय झालं? किल्ली दुसऱ्याकडे होती. सध्या छापील प्रतीवरून पुन्हा टाइप करतोय, रोज दोन पानं.

पण 'खुलं असलं की झालं' असंही नाही, आणि हे मला संगणकानं नाही, मोडीनं शिकवलं. १७३७ ते १७३९ ची वसईची मोहीम, चिमाजीअप्पांची, तिचा पत्रव्यवहार मोडीत आहे. पेशवाईचा सगळा कारभार मोडीत. पुण्याच्या पुराभिलेखागारात असे कोट्यवधी कागद आहेत. लोकप्रियतेची यादी तेव्हा असती तर कारकुनी कामात मोडी बिनविरोध पहिली. आणि तिच्यावर मालकी कुणाची नव्हती, ज्याला हवी त्यानं शिकावी. मग छापखाने आले. बाळबोधीचे खिळे पाडणं सोपं गेलं, मोडीची जोडून लिहायची वळणं खिळ्यांना झेपेनात. १९१७ साली मुंबई सरकारनं कारभारासाठी मोडीऐवजी बाळबोध घ्यायचं ठरवलं. शाळांत ती आणखी काही दशकं शिकवली जात होती, मग तेही थांबलं. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली, पण वाचणारे किती? गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातली निवडक कागदपत्रं १९३० च्या दशकात ४५ खंडांत बाळबोधीत छापली गेली, म्हणून माझ्यासारख्याला वसईची पत्रं वाचता तरी येतात. छापली न गेलेली पत्रं खुलीच आहेत, पण वाचता न येणाऱ्याला ती बंदच.

म्हणजे संख्या महत्त्वाची आहे, पण ती वापरणाऱ्यांची नव्हे. वाचू शकणारे, दुरुस्त करू शकणारे आणि पुढच्याला शिकवणारे किती, ही ती संख्या. मोडी वापरणारे भरपूर होते. शिकवणारे थांबले आणि दोन पिढ्यांत खेळ आटोपला. मँड्रेक वापरणारेही भरपूर होते. कंपनी बुडाली, पण दुरुस्त करू शकणारे उरले, म्हणून काम उरलं. यादी नेमकी हीच माणसं मोजत नाही.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुन्या यंत्रांवर विंडोज ११ बसत नाही. आमच्या एव्हरशाईन सिटीतच किती घरांत असे धडधाकट संगणक माळ्यावर गेले असतील! आम्हा ज्येष्ठांच्या कट्ट्यावर असे चार जमा झाले आहेत, आणि कुठलं लिनक्स घालायचं ते ठरवायचं काम माझ्यावर आलंय. मी भाच्या-पुतण्यांना यादी बाजूला ठेवून तीनच प्रश्न विचारले. पहिला, मराठी टाइप केलं की 'दऱ्या' नीट उमटतं का? दुसरा, हे चालवणारी माणसं किती वर्षं टिकून आहेत, आणि ती उद्या गेली तर दुसरं कुणी उचलू शकेल का? तिसरा, वसई-विरारमध्ये अडल्यावर फोन करता येईल असा एक तरी माणूस आहे का? तिसऱ्या प्रश्नाला दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तो माणूस तुम्हीच, असं मी सांगून टाकलं. बहुधा डेबियनच येईल. जेवायला मात्र दोघांनाही दर रविवारी बोलवावं लागणार.

असो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तिसरा क्रमांक आहेच. अभिमान जरूर असावा. पण नातवंडाला शेजारी बसवून एक पान वाचून दाखवणारं माणूस घरोघर आहे का, हे कुठली यादी सांगणार? ते आपलं आपणच मोजायचं.